आईकडून आलेलं

पौडच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाबालालला दुसरा मुलगा झाला. पण त्याच्या सासूनं, बद्रुन्निसानं, पेढे वाटू दिले नाहीत.

"बोभाटा करू नगा," ती लेकीला, आबेदाला, म्हणाली. "त्याला ऐकू जाईल."

तो म्हणजे कोण, हे आबेदाला लहानपणापासून ठाऊक होतं. बद्रुन्निसाचा भाऊ, तान्हेपणीच गेलेला. मुळशीच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा माणसं वर सरकली, कबरस्तान खालीच राहिलं. तो तिथं एकटा पडलाय आणि सोबतीला घरातली पोरं बोलावतोय, असं म्हातारी मानायची. तिचे स्वतःचे दोन मुलगे वर्षाच्या आत गेले होते. आबेदाचा पहिलाही तसाच गेला. मुली मात्र जगायच्या. आबेदाची सात वर्षांची सुलताना तर चांगली काटक होती. दर उन्हाळ्यात पाणी हटलं की बद्रुन्निसा काठावर जायची, उघड्या पडलेल्या मातीत वाटीभर दूध ओतायची आणि म्हणायची, "माज्या राजा, आता पुरं कर रं."

हाफीज तीन महिने छान बाळसं धरून होता. मग एके सकाळी दूध पाजताना आबेदाला त्याच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला. पदरानं पुसला तर खाली रक्त आलं. पहिल्याचं असंच सुरू झालं होतं. पुढं काय काय येणार, हे तिला पाठ होतं: न थांबणारा खोकला, पाण्यासारखे ढाळ, आणि वेताच्या काडीसारखे होत गेलेले पाय.

"पान्याकडं न्हाई, पुन्याला जायाचं," ती नवऱ्याला म्हणाली. पहिली एस.टी. पकडून दोघं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आली.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. मग खुर्ची ओढून आबेदासमोर बसले.

"बाई, तुमच्या माहेरी लहानपणी कोणी गेलंय?"

"माजे दोन भाऊ. आईचा एक भाऊ. माजा पयला."

"एकही मुलगी नाही?"

"न्हाई."

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या मुख्य पेशी या मुलाच्या अंगात तयारच होत नाहीत. साधी सर्दीही त्याला झेपणार नाही.

"हा दोष आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, तिला पत्ताही नसतो. मुलगा झाला तर निम्मी शक्यता. मुलीला रोग होत नाही, पण तिच्यातून तो पुढं जाऊ शकतो."

"मंग माज्या सुलतानाच्यात?"

"ते ओळखायची सोय आज आमच्याकडं नाही."

नेमकं जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागायला त्यानंतर दहा वर्षं जावी लागली. पेशींना वाढण्याचा निरोप रक्तातून येतो. तो झेलणारा पेशीवरचा भाग या जनुकाच्या सांगण्यावरून घडतो. जनुकच बिघडलं की निरोप पोचत नाही. हे त्या दिवशी डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. परदेशात भावंडाच्या हाडातला मगज देऊन असली एखाददुसरी मुलं वाचलीत, एवढं ते म्हणाले; पण इथं ती सोय नव्हती.

हाफीज दवाखान्यातच गेला. मेलेलं पोर म्हटलं तर एस.टी.त घेतील की नाही, या धास्तीनं बाबालालनं त्याला शालीत गुंडाळून छातीशी धरलं. भुकूमला एक बाई चढली, शेजारी बसली. "किती गाढ झोपलाय!" म्हणाली. आबेदा मान हलवून हसली. पौड येईपर्यंत तिला ते हसू पुसता आलं नाही.

दफन झाल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं, म्हातारीच्या छातीवरचा धोंडा उतरेल.

"कुनी बोलवत न्हाई, अम्मा. तुजा भाऊबी असाच गेला बिचारा. ह्ये रक्तातच हाय. आईकडनं लेकीला येतं."

बद्रुन्निसानं हातातली सुपली खाली ठेवली.

"म्हंजी माज्या पोरांला म्याच मारलं? आन तुला बी म्याच दिलं?"

"तसं न्हवं गं..."

"मंग कसं?"

इतकी वर्षं म्हातारीला भांडायला, विनवायला कुणीतरी पाण्याखाली होतं. आता कुणीच उरलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पाणी हटलं, पण म्हातारी काठावर गेली नाही. सुलताना जवळ आली की ती हात आखडून घ्यायची. "आजी मला शिवत का न्हाई?" पोर विचारायची. एकदा माहेरी गेली असताना आबेदा संध्याकाळी स्वतःच काठावर जाऊन उभी राहिली. डॉक्टरांवर तिचा विश्वास होता. तरी ओल्या मातीतून कुणीतरी बारीक आवाजात कुणकुणतंय असं वाटलं, आणि मनातल्या मनात तिला थोडं बरंही वाटलं. मग शरमून ती मागं न बघता घरी आली.

पुढच्या वर्षी तिला परत दिवस गेले. नऊ महिने घरात कुणी बाळाचं नाव काढलं नाही. झाली ती मुलगी. बाबालाल सुइणीसमोरच ओक्साबोक्शी रडला. बद्रुन्निसा काही बघायला आली नाही, तेव्हा चाळीस दिवस सरल्यावर आबेदाच बाळाला घेऊन माहेरी गेली.

"पोरगी हाय, अम्मा."

"मंग जगंल."

"व्हय."

"आन तिची पोरं?"

"ते कुनालाच म्हाईत न्हाई, अम्मा. डाक्टरालाबी न्हाई."

म्हातारीनं हात पुढं केले नाहीत. शेवटी आबेदानंच बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेली. चुलीपाशी तिला ओसरीवरचा आवाज ऐकू आला. बद्रुन्निसा नातीच्या कानाशी वाकून हळू बोलत होती. ती तिची माफी मागत होती.