बेळगुंदीच्या छपरावरचं काचेचं कौल

मी एक जुनं काचेचं कौल आहे. मित्रांनो, बेळगुंदीत मारुतीरावांच्या छपरावर मातीची तांबडी कौलं ढिगाने आहेत. काचेचं मी एकटंच. म्हणून जरा तोरा आहे, तो सोसून घ्या.

मला बसवलं त्या दिवशी घरात असा प्रकाश पडला, की कोंबडा भर दुपारी माजघरात येऊन आरवला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारलं असतं. पण संध्याकाळी त्याचा रस्सा झाला.

पुढे चुलीच्या धुराने माझी आतली बाजू काळीकुट्ट झाली. चूल जाऊन गॅस आला, तरी मला पुसायचं कुणाला सुचलं नाही. मारुतीरावांच्या पत्नी जयाबाई तांदूळ निवडायला सूप घेऊन उजेडासाठी दारात बसू लागल्या.

यंदा घर दुरुस्तीला काढलं. बेळगावात नोकरी करणारा त्यांचा मुलगा साईराज म्हणाला, "आप्पा, खालनं पांढरं सीलिंग मारूया. लाईटी लावल्या की घर कसं लखलखंल!"

सीलिंग ठोकलं की मी जन्माचं अंधारात!

सीलिंगवाल्या गुंडूने सीलिंग येणार त्या उंचीवर खुणेची दोरी ताणली. ती नेमकी मारुतीरावांच्या टोपीला लागली.

"माझ्याच घरात मी वाकून चालू व्हय रं?"

"आन् मी दिवसाढवळ्या लाईट लावून तांदूळ निवडू?" जयाबाईंनी पदर खोचला. "अवं, शिडी धरा!"

"आई, वर काय करूलालीस गं? पडशील!"

"तू गप ऱ्हा."

साबणाचं पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन त्या माझ्यावर तुटून पडल्या. काजळी ओघळली आणि ऊन धाडकन खाली उतरलं! गुंडूच्या हातून दोरी सुटली.

"अगं, भिंत हिरवी हाय की!" मारुतीराव ओरडले. "मी इतकी वर्सं काळी समजत हुतो."

साईराज मान वर करून बघतच राहिला. "आप्पा, वर एवढी जागा हुती? लई मोठं हाय की घर आपलं! सीलिंग न्हाय मारायचं. अशी आणखी चार कौलं आणूया."

आता आम्ही पाच जण आहोत. भिंतींना चुना लागला आहे, आणि जयाबाई भर माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडत बसतात.

मित्रांनो, घर उजळायला निघालात तर आधी मान वर करा. वर कुणी काजळून बसलं असेल, तर शिडी लावा आणि खुशाल घासा. गुदगुल्या फार होतात, पण आम्ही हसत नाही. हसलो की तडकतो.