साखळीतला एल्म

मित्रांनो, आकाशाला टेकू देण्यासाठी या पृथ्वीवर जी मोजकी थोर झाडं जन्माला आली, त्यांतला मी एक जुना एल्म आहे. रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर मात्र 'अरुंद गल्लीसाठी. जागा खात नाही' एवढंच लिहिलं होतं.

माझ्या जातीनं फांद्या पसरायच्या नसतात. माणसांनी आम्हांला निवडून निवडून असं घडवलं की हात कायम वर, पोलिसांनी पकडल्यासारखे. नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्याकाठी, विटांच्या चौकोनात मला उभं केलं. "किती शहाणं झाड!" लोक म्हणत. मीही अंग चोरून राहिलो.

मग एका विद्यार्थ्यानं माझ्या बुंध्याला साखळीनं सायकल बांधली. "आलोच!" म्हणाला. त्याला सात वर्षं झाली. साखळी तेव्हा सैल होती. पण मी जाड होत गेलो आणि ती सालीत रुतत गेली.

नगरपालिकेचा कर्मचारी सीब्रेन दर वसंतात बेवारस सायकलींना नारिंगी चिठ्ठी बांधतो. चार आठवडे चिठ्ठी तशीच राहिली तर सायकल उचलायची. कोणी काढली तर मालक आहे असं धरायचं. माझ्याकडची चिठ्ठी पहिल्याच शनिवारी नाहीशी होई. समोरच्या बाउक्येबाई शनिवारी फूटपाथ घासून धुतात. लोंबणारा कागद त्यांना बघवत नसे.

यंदा जूनमध्येच माझा शेंडा पिवळा पडला. सीब्रेन करवत घेऊनच आला. एल्मचा बुरशीरोग असेल तर तो पसरू नये म्हणून झाड त्याच दिवशी आडवं करतात. त्यानं डहाळी कापून पाहिली.

"रोग नाही, बाई. गळफास आहे. या सायकलवाल्याला धरा! दरवर्षी चिठ्ठी काढतो, सायकल हलवत नाही."

बाउक्येबाईंच्या हातातला ब्रश थांबला. "चिठ्ठ्या मी काढल्या. कचरा वाटला मला. तोड ती साखळी."

"चिठ्ठी बांधून चार आठवडे थांबावं लागेल. नियम आहे."

"तोवर ते मरेल रे!"

"मालकानं सांगितलं तर गोष्ट वेगळी."

बाई एक्क्याऐंशी वर्षांत खोटं बोलल्या नव्हत्या. "मग सायकल माझी आहे. किल्ली हरवली."

"ही? एवढी उंच? पुरुषांची?"

"तुला रे काय करायचंय? तोड!"

कडी तुटली. कितीतरी दिवसांनी मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत सरळ चढलं. सालीनं गिळलेला साखळीचा तुकडा मात्र आत राहिला. तो आता जन्माचा सोबती.

मित्रांनो, झाडाला काही बांधलंत तर सोडायलाही या. झाड थांबतं, पण वाढायचं थांबत नाही.

आणि हो, आपलं बोलणं खोटं ठरू नये म्हणून बाउक्येबाई हल्ली रोज त्या सायकलवर चढतात. पाय पोचत नाहीत, म्हणून मला मिठी मारतात. कुणीतरी तेवढी सीट खाली करून द्या.