वहीतली नोंद

उत्खननात निघालेलं खापर आधी पाण्यात बुडवायचं, उजेडाकडे धरून शाईचं लिखाण दिसतंय का पाहायचं, मगच ब्रश लावायचा. मग दर बादलीतल्या खापरांसाठी ठेवलेल्या वहीत लिहायचं: बुडवलं, पाहिलं, लिखाण नाही. खाली सही. मादबाजवळच्या टेकडीवर वस्फिया अकरा वर्षं हे काम करत होती. खापरं धुणाऱ्या बाकीच्या बायकांसारखी तीही खापर न पाहताच वही आधी भरून मोकळी व्हायची. पहिल्या नऊ वर्षांत एकाही खापरावर लिखाण निघालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या ब्रशखाली काळी रेघ पसरली. हात थांबेपर्यंत अर्धी ओळ गेली होती. तिने खापर गुपचूप कोठीतल्या वाळवणाच्या जाळीवर ठेवून दिलं. सकाळी ते मोहिमेचे प्रमुख डॉ. इस्कंदर हद्दादीन यांच्या हाती लागलं. प्राचीन मवाबच्या राजांच्या काळातली तीन अक्षरं. त्यांचं नाव झालं, आणि मागोमाग लेख त्यांनीच रात्रीत लिहिल्याची तक्रारही आली. संध्याकाळी वहीत ‘लिखाण नाही’, सकाळी लिखाण हजर. कोठीची किल्ली एकट्या हद्दादीनांकडे.

अम्मानला चौकशी मंडळ बसलं. गप्प राहिलं तर म्हाताऱ्या डॉक्टरांवर लबाडीचा शिक्का बसणार, हे वस्फियाला कळत होतं. तिने सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे सही खोटी?” अध्यक्षांनी विचारलं.

“सही माझीच, साहेब. नोंद खोटी.”

“तेव्हा खोटं लिहिलंत. आज खरं बोलताय कशावरून?”

“तेव्हा नोकरीची भीती होती.”

“आणि आज नोकरी कुणाकडे आहे, बाई? या डॉक्टरांकडेच ना?”

कुणीतरी हसलं. दुपारच्या आत निकाल आला: लेख बनावट, उत्खननाचा परवाना रद्द.

बाहेर अंगणात हद्दादीन कठड्यावर बसले होते.

“रकानची आई, पुसण्याआधी किती अक्षरं होती?” त्यांनी वस्फियाला विचारलं.

“पाच, डॉक्टरसाहेब.”

“गेलेली दोन आठवतात?”

तिला ती लिपी वाचता येत नव्हती, पण दोन वर्षं ते आकार डोळ्यांपुढून हलले नव्हते. तिने वाकून बोटाने धुळीत ते काढले. हद्दादीन पुढे झुकले. त्यांचे ओठ हलले. पाची अक्षरं जुळून शब्द झाला होता.

“काय लिहिलंय?” तिने विचारलं.

त्यांनी उठून बुटाने धूळ सारखी केली.

“हे बाहेर काढलं तर म्हणतील, ही अक्षरंसुद्धा हद्दादीननेच लिहिली.”