लहान विमानांचं गिऱ्हाईक

बेल्ह्याच्या बैलबाजारात आमच्या मालकांचा शब्द लई चालायचा. "कुंडलिकभाऊ, जोडी कशी वाटती?" असं विचारल्याबिगर कुणी व्यवहार करत नसे. इकलेल्या बैलाचं दावं मात्र ते कधी देत नसत. जनावर जाऊ द्या, दावं घरी यायला पायजे, ही आमच्याकडची रीत. त्या बाजारानंच त्यांच्या डोक्यात हवा गेली, दुसरं काय.

आमचा पोरगा आदेश विमानाचा मेकॅनिक. शिकून झाल्यावर कंपनीनं इचारलं, लहान विमानाचं काम धरतो का मोठ्या? एकाचा परवाना दुसऱ्याला चालत न्हाई. पोरानं बापाला इचारलं. मालक म्हणाले, "लहान धर. मोठं खोंड बघायला गर्दी व्हती, पण त्याला चारा घालायची ऐपत कुणाची? बाजारात लहानच खपतं."

मी म्हटलं, "अवं, विमान काय कडबा खातं व्हय?" तर माझ्यावरच डोळे वटारले.

धा वर्सं बरी गेली. मग तिकिटं स्वस्त झाली. आमच्या राजुरीची माणसंबी विमानानं दिल्ली बघून आली. गर्दी वाढली तसं पन्नास माणसांचं विमान कंपनीला परवडंना. दीडशे-दोनशे माणसं नेणारी आणली आन् लहान सगळी आफ्रिकेत इकून टाकली. मोठ्या विमानांवर नवी तरणी पोरं घेतली. पस्तिशी उलटलेल्या आदेशला कोण पुन्हा शिकवतंय? आफ्रिकेतलं गिऱ्हाईक म्हणालं, विमानासंगं मेकॅनिकबी द्या.

"नको जाऊ रं," म्हणून मी लई रडले.

"हितं राहून काय करू, आई? माझी विमानं तिकडं गेली," आदेश म्हणाला. मालकांवरचा माझा राग अजून गेला न्हाई.

जायच्या दिवशी आमी तिघं आळेफाट्यावर एस्टीची वाट बघत व्हतो. बॅगेचं कुलूप मोडकं, म्हणून मी ती गोठ्यातल्या दाव्यानं आवळली व्हती. लांबून गाडी दिसली तसे मालक खाली बसले. दुकानातनं घेतलेली नवी दोरी त्यांनी बॅगेला बांधली, आपलं दावं सोडून घेतलं आन् गुंडाळून खांद्यावर टाकलं.

मी म्हटलं, "अवं, पोराला इकलंय का आपण?"

"मग काय केलंय?" ते म्हणाले.

आदेश एस्टीच्या पायरीवर उभा राहून दाव्याकडं बघत व्हता. बाजारात तो बापाबरोबरच वाढलेला. त्याला रीत ठाऊक व्हती.