नुरगाझीने दुरुस्त केलेली माझी चूक

मी तक्त्याच्या फाईलचा साचा बोलतोय! होय, तोच, ज्यात तुमची नावं, तारखा, आकडे रांगेत बसतात. आज मला आनंद आवरत नाहीये, म्हणून तुम्हाला धरून बसवलंय.

जन्म माझा एका बड्या कंपनीतला. कितीतरी वर्षं कुलपात काढली. माझे नियम बाहेर कुणाला ठाऊकच नव्हते. मग कंपनीनेच ते जाहीर केले, म्हणाली, ज्याला हवे त्याने वापरा. पण बिश्केक शहरात खुला, फुकटचा प्रोग्राम लिहिणारी मंडळी मला दारातही उभं करीनात. त्यांचा म्होरक्या नुरगाझी तर माझं नाव काढलं की चहाचा पेला आपटायचा. "कंपनीचे नियम आपण का पाळायचे? उद्या त्यांनी फिरवले म्हणजे?"

"अरे, लोकांच्या फाईली त्याच साच्यात आहेत," त्याची सोबतीण बेगिमाय म्हणायची. "त्यांना काय वाऱ्यावर सोडायचं?"

शेवटी डोंगरातल्या नारीनहून त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तुरसुनाय तिथल्या दवाखान्यात नर्स. तिच्याकडचा कंपनीचा प्रोग्राम बंद पडला होता आणि पोरांच्या लसींच्या तारखा माझ्या पोटात अडकल्या होत्या. घरंच्या घरं मेंढरं घेऊन वरच्या कुरणांकडे निघण्याच्या बेतात. एकदा गेली की थंडीपर्यंत हाती लागत नाहीत.

"तुझी तत्त्वं पोरांना टोचू का रे, दीडशहाण्या?"

नुरगाझी पेला बाजूला सारून कामाला बसला. काय सुरेख लिहिलं म्हणून सांगू! खुल्या प्रोग्राममध्ये मी पहिल्यांदाच उघडलो. टाळ्या, शिट्ट्या, तळलेल्या गरम बोर्सोक पुऱ्यांची परात, नुसता धुडगूस!

तेवढ्यात पुन्हा तुरसुनाय. "माझी लेक मंगळवारी झाली. तुझ्या तक्त्यात बुधवारी कशी? मी तिथे हजर होते रे! तारखाच खोट्या, तर लस कशाच्या भरवशावर देऊ?"

बेगिमायने शोधून काढलं. माझ्या पोटात तारीख म्हणजे एकोणीसशे सालापासून मोजलेल्या दिवसांचा आकडा. त्या सालात नसलेला एकोणतीस फेब्रुवारीही कंपनीने मोजला होता, आणि नियमांतही 'तो मोजाच' असं लिहिलं होतं. माझ्या अंगावरचा जन्माचा डाग! प्रोग्राम लिहितानाच नुरगाझीला तो दिसला होता आणि पठ्ठ्याने दुरुस्त करून टाकला होता. या मंडळींची खोडच ती. दुसऱ्याची चूक दिसली की हात शिवशिवतात. इकडे मोजणीतला तो एक दिवस गळला आणि सगळ्या तारखा एक दिवस पुढे सरकल्या.

"चूक परत घाल," बेगिमाय म्हणाली.

"जाणूनबुजून चूक? मी?"

"अरे, पोरं निघालीत वर!"

त्याने घातली. शेजारी लिहिलं, 'हे चूक आहे. तरी असू द्या.' बेगिमायने तपासून होकार दिला. दुसऱ्याच्या होकाराशिवाय त्यांच्यात काही प्रोग्राममध्ये जात नाही.

पुढचा फोन आला तो तुरसुनायचाच. तिने फोन नुसता पुढे धरला. पलीकडे सुया टोचलेली पोरं भोकाड पसरून रडत होती. नुरगाझी ते ऐकत, डोळे पुसत हसत बसला.

बाबांनो, जन्म मला कंपनीने दिला, पण डागासकट पदरात घेतलं ते या लोकांनी! उद्या कुणी हुशार मला आणखी सुधारायला निघाला, तर त्याला आधी एवढंच विचारा: बाबा रे, आत तारखा कुणाच्या पोरांच्या आहेत?