व्याह्यांचं रिव्हॉल्व्हर

पोरीच्या सासऱ्याला नाही म्हणायची हिंमत वरवट बकालच्या भगवानरावांत नव्हती, आणि त्यातूनच हे लचांड गळ्यात आलं. व्याही पंजाबराव एक दिवस अचानक म्हणाले, "माहं रिव्हॉल्व्हर तुम्हीच घ्या. फुकट घ्या." आता लायसन भगवानरावांकडे होतंच. बीटी कापसाची पहिली वर्षं झोकात गेली तेव्हा गावात कुणी बुलेट घेतली, कुणी माडी चढवली. यांनी हौसेनं लायसन काढलं. पुढं हौस जिरली, लायसन तेवढं राहिलं. ठाण्याची परवानगीसुद्धा पंजाबरावांनीच धावपळ करून आणली.

नाही म्हणावं तर पोरीला, पूनमला, सासरी टोमणे. हो म्हणावं तर वस्तू कशी निघेल कोण जाणे! बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर वाचून भगवानराव बोंडअळीच्या बाबतीत दोन हंगाम निर्धास्त झोपले होते, आणि अळीनं सगळी बोंडं पोखरून ठेवली होती. तेव्हापासून ते कुणाच्या शब्दावर काही घेत नसत. म्हणून कसंबसं मन वळवून त्यांनी व्याह्यांना खामगावला इमामबींकडे आणलं. नवऱ्यामागं बंदूकदुरुस्तीचं दुकान त्याच चालवत, आणि भीड म्हणून कुणाची ठेवत नसत.

"वीस वर्षांत एकदाबी दगा नाही दिला यानं," पंजाबराव छाती काढून म्हणाले.

"गोळ्या किती झाडल्या?" इमामबींनी विचारलं.

"झाडली नाही एकबी. पण दर दसऱ्याले पूजा केली."

ते दिसतच होतं. गोळ्यांची चक्री जागची हलेना. वीस दसऱ्यांचं हळदकुंकू खोबरेल तेलात थिजून आत लालभडक चिखल झाला होता. वर दोन अक्षताही निघाल्या. भगवानरावांना हसू आवरेना, पण व्याह्यांसमोर हसायचं कसं? ते उगाच मिशा पुसत बसले.

इमामबींनी सगळं रॉकेलनं धुतलं. मग चक्रीची सहाही घरं एकेक करून फिरवली, कान लावून खटका ऐकला. दोन घरं नळीसमोर नीट थांबतच नव्हती.

"कुंकू निघालं, पण गंजानं झालेली झीज कशी निघेल?" त्या म्हणाल्या. "याचा भरोसा मी देत नाही. गोळी हातातच फुटली म्हंजे?"

भगवानरावांच्या जिवात जीव आला. पंजाबरावांचं तोंड मात्र एवढंसं झालं. "तरी घेऊन जा ना," ते अजिजीनं म्हणाले. "शोभेले ठेवा."

"पण काऊन?" भगवानरावांनी विचारलं.

"मले भेव वाटते त्याचं. आपला नातू चालाले लागला. कपाट उघडते, खुर्चीवर चढते. तीन कुलपं लावली तरी डोळ्याले डोळा लागत नाही माह्या. घरातून गेलं म्हंजे सुटलो."

भगवानराव त्यांच्याकडे वळले. "अन् उन्हाळाभर तो नातू कोणाच्या घरी राह्यते, पंजाबराव?"

हे पंजाबरावांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही," भगवानराव म्हणाले. लग्नाला चार वर्षं झाली होती, व्याह्यांना हा शब्द पहिल्यांदाच. "माह्या घरी ते येत नाही. अन् तुमच्याबी घरी परत जात नाही."

पंजाबराव रागावले नाहीत. त्यांनी भगवानरावांचा हात घट्ट धरला. "आत्ताच ठाण्यात जमा करू. पण मी एकटा नाही धरत बाप्पा."

इमामबींनी ते फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. पिशवीचा एकेक बंद धरून दोघे आजोबा भरबाजारातून ठाण्याकडे निघाले.