लेबलाखालचं दगडफूल

मी दगडफूल आहे, आणि तुम्हा माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. शंभराहून जास्त वर्षं कागदी पाकिटात पडून तुमचं बोलणं ऐकलंय, म्हणून सांगतो.

टास्मानियाच्या पश्चिमेला, एका धबधब्याशेजारच्या कातळावर माझा जन्म झाला. वर्षाला केसभर वाढायचं, ओल प्यायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खाणीच्या गावातली मास्तरीण विनिफ्रेड टलक तिथे आली ती भिजल्या झग्यानिशी. भिंगातून तिने मला इतका वेळ पाहिलं की तिच्या पोटऱ्यांना जळवा लागल्या. मग छिन्नीने कपचीसकट काढलं, पाकिटावर पेन्सिलीने जागा लिहिली आणि होबार्ट शहरातल्या संग्रहालयात डॉक्टर पेल्हमकडे पाठवून दिलं.

हे डॉक्टर दगडफुलांचे मोठे जाणकार. डोंगर मात्र त्यांनी खिडकीतूनच पाहिलेला. त्यांनी मला एका सामान्य जातीत ढकललं आणि गोळा करणारा म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. सुट्टीत विनिफ्रेडबाई भेटायला आली.

“डॉक्टरसाहेब, काळ्या कडेचं ते वेगळं आहे हो. मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.”

“बाई, तुम्ही पाढे शिकवा. दगडावर काय उगवतं ते मी बघतो.”

“नाव तुम्हाला हवं ते द्या. जागा तेवढी बरोबर लिहा.”

“लिहिली, लिहिली,” म्हणत त्यांनी चहा मागवला. एकच कप.

ती गेल्यावर तिच्या अक्षरांवरच त्यांनी आपलं लेबल डकवलं. त्यावर जागा: ‘पश्चिमेकडील खडक’. विद्वत्ता ती एवढी. पुढे त्यांची तसबीर संग्रहालयात लागली आणि मी खोक्यात गेलो.

गेल्या हिवाळ्यात इमोजेन रॅफर्टी नावाची तिथली एक कर्मचारी जुनी पाकिटं तपासत होती. तिने माझ्यावर रसायनाचा थेंब टाकला. मी लाल झालो. लेबलावरची जात कधी लाल होत नाही.

“टाकून दे गं,” तिचे साहेब डेस्मंड म्हणाले. “शंभर वर्षांत कुणी मागितलं नाही. कपाटं भरलीत.”

तिने टाकलं नाही. लेबलाची कड सुटलेली दिसली, म्हणून त्यावर ओला टिपकागद ठेवला. लेबल निघालं आणि खालचं पेन्सिलीचं अक्षर दिसलं: ‘दुसरा धबधबा, डावा काठ, कपारीखाली. वि. टलक.’

त्याच आठवड्यात इमोजेन गाडी घेऊन तिकडे गेली. धबधब्याच्या जागी धरणाचं पाणी होतं, पन्नास वर्षांपासून. पुढे तिने जगभरच्या संग्रहांत पत्रं पाठवली. माझ्या जातीचा एकही तुकडा कुणाकडे नव्हता.

मग डेस्मंडना माझा भारी पुळका आला. “नवी जात आहे. पेल्हमचंच नाव देऊ. इथे सगळं त्यांनीच उभं केलं.”

“त्यांनी जातही चुकवली आणि श्रेयही चोरलं, सर. मी टलकबाईंचं नाव छापायला पाठवलंय.”

“मला न विचारता?”

“तुम्ही टाकून द्यायला सांगितलं होतंत. टाकलेल्या वस्तूचं काय विचारायचं?”



आता मी लोखंडी कपाटात, कुलपात असतो. ज्याला त्याला माझा कण हवा. तपासणीपायी निम्माच उरलोय. बाईचं नाव मिळालं, ते मात्र आवडलं. ते ऐकायला ती नाही. बाकी तुमच्याकडून मोठी अपेक्षा ठेवत नाही. कातळावर बूट टेकवण्याआधी एकदा खाली बघा. एवढं जमलं तरी पुष्कळ.